'तुह्या गिटारचा आवाजच येत नाही'

या वेळचं पत्र गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका गावातून आलं आहे. नाव छापू नका, असं लिहिणाऱ्याने सांगितलंय. पत्र थोडं आवरून देतो:

"काका, वय 24. घरी साडेतीन एकर धानाची शेती. बी.ए. झालो. आधी साधी गिटार वाजवायचो. चार वर्षांपूर्वी एका नाटकाच्या बेसवाल्याला ताप आला आणि ऑर्गन मास्तरांनी त्याची बेस गिटार माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून तीच वाजवतो. दिवाळी ते होळी आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, गणपती-दुर्गेत भजन-जागरण. नागपूरच्या एका स्टुडिओतून दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्या वेळी तिथले संगीत संयोजक म्हणाले, 'तू सगळंच थोडंथोडं वाजवतो, तुझं स्वतःचं काय?' तेव्हापासून झोप नाही. गावात लोक म्हणतात, 'काहून रे, तुह्या गिटारचा आवाजच येत नाही.' बाबा म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. एक मित्र म्हणतो मुंबईला चल. दुसरा म्हणतो बेस विकून कीबोर्ड घे, त्यात पैसा आहे. सेशन बेसिस्ट म्हणून पोट भरता येतं का? मी काय करू?"

बाबू,

तू मला काका म्हटलंस, म्हणून मी तुला बाबू म्हणतो. मी दारव्ह्याकडचा, कापसाच्या घरातला. 1991 मध्ये बडनेऱ्याला विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि पुढची सत्तावीस वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या गाण्यांत बेस वाजवून घर चालवलं. त्यामुळे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, पोट भरता येतं. पण या वर्षी मुंबईला जाऊ नकोस. बेस विकू नकोस. आणि बाबांशी भांडू नकोस, त्यांच्या बोलण्यात तुझ्या कामाची एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

आधी आवाजाचं बघू, कारण ते बोलणं तुला लागलंय. बेसची सगळ्यात जाड तार, पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीची), मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा सूर बाहेर येतच नाही. त्याचे वरचे अंशस्वर तेवढे ऐकू येतात आणि त्यावरून आपला कान मूळ सुराचा अंदाज बांधतो. गावातल्या पोट्ट्यांनी कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला असेल, तर तुझा आवाज त्यांना येणार कुठून? मंडपात मात्र मोठे स्पीकर असतात, तिथेही तू ऐकू येत नसशील तर कारण वेगळं आहे. कीबोर्डवाल्याचा डावा हात तुझ्याच सप्तकात फिरतोय आणि ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा किकही तिथेच आदळतोय. तिघं धानाच्या एका बांधीत उतरले की चिखलच होणार. तालमीच्या वेळी मास्तरांजवळ बसून आदराने विचार, "मास्तर, माझा सूर चालू असेल तेव्हा डावा हात जरा वर घ्याल का?" जाणते मास्तर ऐकतात, कारण त्यांनाही गाणं साफ ऐकू यायला हवं असतं. आणि बेस व मिक्सर यांच्यामध्ये जोडतात तो डीआय बॉक्स एक विकत घे. बेस थेट मिक्सरमध्ये खुपसली की आवाज पातळ होतो आणि घरघर येते, हे तू रोज भोगत असशील.

मग तालमीत एक करून बघ. सगळे वाजवत असताना एका अंतऱ्यात चार आवर्तनं हात काढून घे. गाणारा मान वळवून तुझ्याकडे बघेल. तुझा आवाज कुणाला येतो, ते तेव्हा कळेल.

आता त्या संयोजकांचं बोलणं. यावर मी दोन दिवस विचार केला, कारण तीस वर्षांपूर्वी मलाही असंच काहीतरी ऐकवलं गेलं होतं आणि मीही असाच जागा राहिलो होतो.

1994 मधली गोष्ट. दादरजवळच्या एका लहान स्टुडिओत भजनांच्या कॅसेटचं काम होतं. गाणारे बुवा साठीचे, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. सकाळपासून तीन भजनं झाली होती, सगळी सरळ कहरव्यातली, मी खुशीत होतो. चौथं भजन मालकंसात. मी सवयीने षड्जावर बोट ठेवलं आणि पुढच्या तारेवर दोन पडदे पुढे जाऊन पंचम घेतला. बेसवाल्याचा हात आपोआप तिथे जातो, तुलाही माहीत आहे. षड्ज-पंचम, षड्ज-पंचम, सगळ्या जगातली गाणी त्यावर चालतात. बुवा दुसऱ्या ओळीला थांबले. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबले. मग कानावरचा हेडफोन काढून ते काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसले. रागावले नव्हते. माझ्या बोटाकडे बघून म्हणाले, "बाळा, या घरात पंचम राहत नाही."

मालकंसात रिषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य. तंबोरासुद्धा पंचमाऐवजी मध्यमावर लावतात. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. बेसवर मध्यम कुठे आहे बघ: षड्ज ज्या पडद्यावर, त्याच पडद्यावर पुढची तार. म्हणजे बोट दोन पडदे मागे घ्यायचं, एवढाच बदल. मी तो केला आणि बुवांचा षड्ज जमिनीवर टेकल्यासारखा बसला. पूर्ण भजनात मी दोनच सूर वाजवले असतील, मधूनमधून कोमल निषादाचा एक स्पर्श. संध्याकाळी संयोजकाने माझा पत्ता लिहून घेतला, आणि पुढची सहा-सात वर्षं भजन म्हटलं की तो मलाच बोलवायचा.

तुझ्या संयोजकांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मला या प्रसंगात दिसतं. लोक सेशनवाल्याला हरहुन्नरी म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, याला पन्नास प्रकारचे ठेके येतात. ठेके तर यायलाच हवेत. पण पुन्हा बोलावणं येतं ते वेगळ्या कारणाने. लावणीत ढोलकीच्या बोलांवर चढायचं नाही, कव्वालीच्या अंगाच्या भीमगीतात टाळ्यांच्या मागे राहायचं नाही, रडक्या गाण्यात गायिकेच्या श्वासाच्या जागेत सूर सोडायचा नाही, हे ज्याच्या हाताला कळतं त्याला बोलावतात. प्रत्येक घरात कोण राहतं आणि कोण राहत नाही, हे जाणून घ्यायला वर्षं लागतात. तू चार वर्षांत पुष्कळ घरं पाहिलीस. आता प्रत्येक घरात थोडं बसायला शीक.

आणि झाडीपट्टीला कमी लेखू नकोस. तुझ्या पत्रात ती नाटकं "आमच्याकडची साधी नाटकं" अशी आली आहेत. ते वाक्य मी वर छापलं नाही, पण वाचून वाईट वाटलं. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. एका रात्रीत नाट्यपदासारखं पद, लावणी, विनोदी गाणं, आईच्या मरणाचं गाणं आणि हिंदी चालीवरचा नाच. नट शब्द विसरला तर मास्तर भुवई उडवतात आणि तू तेच आवर्तन चार वेळा फिरवतोस. डिसेंबरच्या थंडीत गायिकेचा गळा बसला की काळी चारचं गाणं ऐन वेळी काळी तीनमध्ये येतं, आणि तुला कुणी विचारतही नाही, जमेल का म्हणून. बाबू, मुंबईच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी नेमकं हेच मागतात. मी ते शिकायला दोन वर्षं घालवली. तू ते आधीच करतोस. याच रंगभूमीसाठी आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तू ज्या मांडवात बसतोस तो मांडव लहान नाही.

काळी-पांढरीवरून आठवलं. आपल्याकडचे गाणारे बहुतेक काळ्या पट्टीत गातात आणि बेसच्या चारही मोकळ्या तारा पांढऱ्या सुरांच्या आहेत: पांढरी तीन, सहा, दोन, पाच. परदेशी शिकवण्या मोबाइलवर बघून शिकलेल्या मुलांचा हात मोकळ्या तारांवर जातो आणि काळी एक म्हटली की अडखळतो. रोज अर्धा तास एकही मोकळी तार न छेडता वाजव. पुढेमागे पैसे जमले तर पाच तारांची बेस घे. चार तारांवर काळी एकचा सगळ्यात खालचा षड्ज पांढरी सहाच्या तारेवर चौथ्या पडद्यावर मिळतो. पाचवी जाड तार असली तर तोच षड्ज तिच्या दुसऱ्या पडद्यावर, पूर्ण एक सप्तक खाली सापडतो. भीमगीताच्या मंडपात तो सूर लोकांच्या छातीत वाजतो. घाई मात्र नाही, कारण हातात आहे तीच अजून पूर्ण वाजवून झालेली नाही.

तुझी सुरुवात ताप आलेल्या माणसाच्या जागी झाली, याची तुला थोडी लाज वाटते असं दिसलं. कॅरोल के नावाची बाई 1963 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला गिटार वाजवायला स्टुडिओत गेली होती. बेसवाला आलाच नाही, म्हणून तिने बेस उचलली. पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत ती वाजली आणि तिकडच्या सेशन बेसवाल्यांत तिचं नाव पहिल्या रांगेत घेतात. सुरुवात कशी झाली, याला या धंद्यात काही किंमत नाही.

दुसरा माणूस जेम्स जेमर्सन, डेट्रॉइटचा. दिवसा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी गाण्यामागून गाणी वाजवायचा आणि रात्री क्लबात जॅझ. उजव्या हाताची एक तर्जनी, जुन्या न बदललेल्या तारा आणि आवाज आटोपशीर राहावा म्हणून घोडीजवळ स्पंजचा तुकडा, एवढ्यावर त्याने जगाला बेस शिकवली. गाणी कुणाकुणाची होती, पण दोन सुरांत कळायचं की हा तोच हात आहे. "तुझं स्वतःचं काय" याचं उत्तर असं बोटात तयार होतं, ते ठरवून आणता येत नाही. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस ऐक, ए. आर. रहमान यांच्या कामात चेन्नईच्या कीथ पीटर्स यांची ऐक. मोहिनी डे ही मुंबईची मुलगी बेसिस्ट वडिलांकडे शिकली आणि आज जगभर वाजवते. या तिघांची नक्कल करू नकोस. एकेका गाण्याची बेस कागदावर उतरव आणि बघ, ते कुठे वाजवत नाहीत.

आता तुझ्यात जे कमी आहे ते सांगतो, कारण नुसतं कौतुक करून तुझं नुकसान होईल.

नागपूरला वाजवलेली जी दोन गाणी तू पत्रासोबत पाठवलीस, ती मी हेडफोन लावून ऐकली. सूर बरोबर आहेत. पण सूर थांबतात कुठे, तिकडे तुझं लक्ष नाही. बेसचा सूर सुरू होणं निम्मं काम, त्याचं थांबणं उरलेलं निम्मं. पहिल्या गाण्यात तबल्याचा बाया घुमून संपतो, तरी तुझा सूर रेंगाळत राहतो आणि पुढच्या ठोक्याच्या अंगावर पडतो. दुसऱ्यात एक सूर लांब, एक आखूड, असं कारण नसताना होतंय. डावं बोट तारेवरून उचलण्याची वेळ ठरलेली हवी, जशी लावण्याची असते. मला वाटतं त्या संयोजकांना हेच खटकलं असावं आणि बोलताना त्यांनी ते दुसऱ्याच शब्दांत सांगितलं. मनात कुढत बसण्यापेक्षा त्यांना फोन कर. "साहेब, कोणत्या जागी नको वाटलं?" एवढंच विचार. जो वादक परत येऊन असं विचारतो, तो लक्षात राहतो.

दुसरं म्हणजे क्लिक, हेडफोनमध्ये वाजणारा ठरलेल्या लयीचा ठोका. झाडीपट्टीत लय नटाबरोबर श्वास घेते, तो थांबला तर तुम्ही थांबता, तो पळाला तर पळता. स्टुडिओतला क्लिक कुणासाठी थांबत नाही. कहरव्याच्या आठ मात्रांपैकी फक्त समेवर क्लिक वाजेल असं मोबाइलवर लाव आणि मधल्या सात मात्रा स्वतःच्या जबाबदारीवर वाजव. पहिला आठवडा तू समेच्या आधी पोहोचशील. सगळेच पोहोचतात. रोज वीस मिनिटं कर, रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी ऐकू नकोस.

आणि वाचन. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायच्या पद्धतीत, बेसची वेगळी खूण (क्लेफ) असते, ती शिकायला तीन-चार महिने पुरतात. मुंबईत माझ्या काळात गोव्याकडचे वादक कागद समोर आला की पहिल्याच वेळी वाजवायचे, आणि आम्ही कानावर शिकलेले चार वेळा ऐकायला मागायचो. त्या चार वेळांत दुसऱ्याला काम जायचं. आता कागद कमी झाला, हे खरं. पण कॉर्ड लिहिलेला तक्ता आणि सरगम, दोन्ही झटपट लिहिता-वाचता आलंच पाहिजे.

इथेच बाबांची गोष्ट येते. पोलीस भरतीत शिपायाबरोबर बॅण्ड्समनचीही पदं असतात, 2024 च्या भरतीतही होती. पोलीस बॅण्डमध्ये बेस गिटार नसते. तिथे खालचा सूर ट्यूबासारखी मोठी पितळी वाद्यं धरतात. पण काम तेच, सगळ्यांच्या खाली उभं राहून सूर सांभाळायचा, आणि तिथे नोटेशन लागतं. मैदानाची तयारी आणि वाचन दोन्ही एक वर्ष मनापासून केलंस तर वाचन वाया जाणार नाही, भरती झाली नाही तरी. जाहिरात निघेल तेव्हा त्या पदासाठी काय मागितलंय, ते नीट वाचून बाबांना दाखव. त्यांना पोराच्या हाती महिन्याचा पगार हवा आहे. माझ्या बापालाही तेच हवं होतं. मी त्याला काही न सांगता निघून गेलो आणि पुढे पाच वर्षं आमचं बोलणं नव्हतं. ती पाच वर्षं परत आली नाहीत. तू भरती दे किंवा देऊ नकोस, पण जे करशील ते घरात बसून, सांगून कर.

कीबोर्ड म्हणशील तर शीक, जरूर शीक. विकत घ्यायलाच हवा असं नाही, मास्तरांकडे आहेच. नव्वदच्या दशकात मुंबईत बेसचं कितीतरी काम कीबोर्डवर गेलं. चांगले बेसवाले घरी बसले. मी डाव्या हाताने कीबोर्डवर बेस वाजवायला शिकलो म्हणून टिकलो. आता तर कंप्यूटरवर तयार बेस मिळते. तरीही माणसाच्या बोटाची बेस मागणारे लोक आहेत, कारण तारेवरून सूर घसरत नेणं, दाबून मारणं, सोडणं, हे बोटाला जसं जमतं तसं बटणाला जमत नाही. बेस विकलीस तर तू बऱ्याच कीबोर्डवाल्यांपैकी एक होशील. वडशापासून गोंदियापर्यंत बेसवाले किती आहेत, मोजून बघ.

मुंबईचं आता. माझ्या वेळी तिथे असल्याशिवाय काम नव्हतं. सगळे वादक एका खोलीत बसायचे आणि शिफ्ट सुरू व्हायची. आज गाणं तुकड्यातुकड्याने बनतं. ढोलक एका गावात, गाणारी दुसऱ्या, बेस तिसऱ्या. म्हणून मी म्हणतो, आधी घरातून काम पाठवायला शीक. बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये घालणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, बरे हेडफोन आणि लॅपटॉप, सेकंडहँड चालेल. लाइट जाते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी धड असलेला घे. बेस कोरडी रेकॉर्ड कर, वर कसलाही इफेक्ट नको, ज्याचं गाणं त्याला तो नंतर लावता येतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. फाइल गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू झाली पाहिजे, तुझी पहिली तार दुसऱ्या मिनिटाला वाजली तरीही, नाहीतर समोरच्याला ती जागेवर बसवत बसावं लागतं. फाइलच्या नावात गाणं, लय आणि पट्टी लिही. प्रत्येक गाण्याला दोन टेक पाठव, पहिला साधा, दुसरा थोडा सजवलेला. बहुतेक वेळा पहिलाच ठेवतात. गावात नेट रांगत असेल तर रात्री अपलोडला लाव किंवा वडशाला जाऊन पाठव, पण दिलेली वेळ चुकवू नकोस.

पैशाचं थोडक्यात, पण मनावर घे. एका निर्मात्याने माझ्याकडून अकरा गाणी वाजवून घेतली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. माझ्याकडे लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. तू व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घे: किती गाणी, किती रुपये, किती वेळा दुरुस्ती, निम्मे आगाऊ, आणि नाव कुठे येणार. नावाचा आग्रह धर. जेमर्सनची कितीतरी गाणी गाजली, तरी मोटाउनच्या अल्बमवर वादकांची नावं यायला 1971 उजाडलं, आणि 1983 मध्ये वयाच्या 47 व्या वर्षी तो गेला तेव्हा ती गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात वादकालाही कलावंत म्हणून हक्क आहेत, वाजवलेल्या वर्षानंतर 50 वर्षं टिकणारे, आणि 2012 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीची तरतूद केली. पण त्याच कायद्यात असंही आहे की सिनेमात ज्याचं काम किरकोळ आहे आणि ज्याचं नाव रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला बहुतेक बाबतीत कलावंत धरायचं नाही. म्हणून नाव छापून येणं ही हौस नाही. संकोच करू नकोस.

तर वर्ष असं धर. होळीनंतर नाटकं थांबली की भीमजयंतीच्या कार्यक्रमांआधी जे दोन-तीन आठवडे मिळतात, ते नागपूरला घाल. त्याच संयोजकांकडे जा, पैसे न घेता बसू दे म्हण, दुसरे कसे वाजवतात ते बघ. बसणं फुकट चालेल, वाजवणं फुकट नको. लग्नसराईत कमाई कर आणि त्यातून इंटरफेस घे. धानाचा रोवणा झाला की कापणीपर्यंत जे मोकळे दिवस असतात, ते क्लिक आणि वाचनाचे. दिवाळीला पुन्हा झाडीपट्टी. असं दोन वर्षं कर. तोवर मुंबई-पुण्याच्या तीन वेगवेगळ्या माणसांनी तुला घरबसल्या काम दिलेलं असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असेल, तर गोंदियाला जाऊन विदर्भ एक्सप्रेस पकड. ती तुला सीएसएमटीला उतरवेल आणि तिथे तुझी वाट बघणारी तीन माणसं असतील. माझी वाट बघणारं कुणीच नव्हतं. पहिला पाऊस मी कसा काढला ते मला माहीत आहे, तुझ्यावर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कानांची काळजी घे. रात्रभर स्पीकरच्या बाजूला बसू नकोस, मागे सरक, आणि औषधाच्या दुकानात मिळतात ते कानातले बोळे घाल. माझा डावा कान आता वरचे सूर सोडतो.

एक राहिलं. रोवण्याच्या दिवसांत तू बांधीत उतरतच असशील. दिवसभर पाण्या-चिखलात राहून बोटांचे घट्टे मऊ होतात, आणि त्याच संध्याकाळी जोरात वाजवलंस तर कातडी फोडासारखी सुटते. मी कापसातला, मला हे एका भंडाऱ्याच्या तबलजीने सांगितलं होतं. त्या पंधरवड्यात हात कोरडे करून, थोडं तेल लावून फक्त वाचन कर, किंवा बेस न जोडता हलक्या हाताने दहा मिनिटं वाजव. घट्टे आठवड्याभरात परत येतात. मग काळी एकमध्ये एक भजन, समेवरच्या क्लिकवर, एकही मोकळी तार न छेडता रेकॉर्ड करून मला पाठव. मी हेडफोन लावून ऐकेन.